आतल्या साइटवरचा जुलै

सू पी-युन या बाईंबद्दल कुओ यांना फार थोडं माहीत होतं. एका खोलीत शेजारच्या टेबलाशी इतकी वर्षं काढली, तरी त्या कुठल्या शाळेत शिकल्या, संध्याकाळी घरी जाऊन एकट्या काय खात, हे कुणी विचारलं असतं तर कुओंना मान खाली घालावी लागली असती. त्यांचं टेबल सू बाईंच्या डावीकडे होतं. त्यामुळे ओळखीची होती ती चेहऱ्याची डावी बाजू. उजव्या गालावर बारीकसा तीळ आहे हे त्यांना फार उशिरा कळलं, एकदा खालच्या गल्लीत दोघं समोरासमोर माशाची पेज खायला बसले तेव्हा. त्या दिवशी कुओंनी पेजेकडेच जास्त पाहिलं.

ताइनानमधल्या त्या गल्लीत, स्कूटर दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, तिघंच माणसं काम करत. चुआंग शेठ मालक. सू बाई त्यांच्या हाताखाली, पण खरं तर सगळं त्यांच्याच हातात. आणि कुओ. कुओंचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. छापखाना बंद पडला तेव्हा तिथे कार्डं छापून घ्यायला येणारे चुआंग शेठ म्हणाले होते, "शब्द आमच्याकडेही असतात, दादा. या बसायला." ते बसायला आले ते राहिलेच.

ही मंडळी इतरांसाठी साइट चालवत. घरगुती खाणावळी, चहाची दुकानं, एक चष्मेवाला. पण सगळ्यांत मोठं काम होतं युचिंगच्या डोंगरातल्या आंबेवाल्यांचं. प्रत्येक बागाईतदाराचं त्यात एक पान होतं. वर फोटो, खाली पेट्यांची मागणी नोंदवायची सोय, आणि मध्ये एक छोटी जागा, तिचं नाव 'आज बागेत'. तिथे ज्याने त्याने रोज सकाळी एखादी ओळ लिहावी अशी कल्पना होती. कल्पना सू बाईंची. बहुतेक बागाईतदार आठवडाभर लिहून कंटाळले.

अशा प्रत्येक साइटच्या दोन प्रती असत. लोकांना दिसते ती बाहेरची. तिच्यासारखीच दुसरी, खिडकीजवळच्या एका जुन्या यंत्रावर ठेवलेली, तिला सू बाई 'आतली' म्हणत. काहीही बदलायचं तर आधी आत बदलायचं, नीट चालतंय का पाहायचं, कुओंनी शब्द तपासायचे, आणि मगच तो बदल बाहेर न्यायचा. कुओंना यंत्रातलं काही कळत नसे, पण हे त्यांना लगेच पटलं. छापखान्यातही आधी एक कच्चा कागद निघायचाच.

"पण मग आतलं सगळं एकदाच उचलून बाहेर ठेवलं तर?" चुआंग शेठनी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. "कशाला एकेक बदल मोजत बसायचं?"

"ठेवा ना," सू बाई म्हणाल्या. "मग काल लोकांनी बाहेर ज्या मागण्या लिहिल्या त्या पुसल्या जातील. फोन तुम्ही घ्यायचे."

"नको बाई."

"मग ऐका. मांडणी आतून बाहेर जाते. माणसांनी लिहिलेलं बाहेरून आत येतं. दर हंगामाआधी बाहेरच्या नोंदी आणायच्या, गिऱ्हाइकांची नावं-फोन पुसायचे, आणि आतली साइट ताजी करायची. म्हणजे आपण तपासतो ते आजच्या जगावर तपासतो."

बदल बाहेर न्यायची वेळ ठरलेली होती. दुपारच्या डब्यानंतर दिवे मालवून सगळं शहर टेबलावर डोकं टेकतं, तेव्हा. त्या अर्ध्या तासात कुणी आंबे मागवत नाही. चुआंग शेठ लगेच घोरू लागत. सू बाई उन्हासाठी घातलेल्या कापडी बाह्या कोपरापर्यंत सारून बसत, आणि अंधारात त्यांच्या डाव्या गालावर पडद्याचा उजेड पडे.

बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही यंत्रांवर नारळाच्या चवीच्या खाऊचं एकेक हिरवं पाकीट ठेवलेलं असे. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे, म्हणून ते यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पाकीट हिरवंच हवं, फोडलेलं नको, आणि त्यावरची तारीख उलटलेली नको. चुआंग शेठ महिन्यातून दोनदा देवापुढे फळं मांडत तेव्हा पाकिटांनाही उदबत्ती दाखवत. सू बाई हसत, पण पाकीट बदलायला विसरत नसत.

'आज बागेत' नेमाने लिहिणारा बागाईतदार एकच होता. ल्याओ तेंग-ख्वेइ. तो सू बाईंचा नवरा.

तो डोंगरात बागेत राही, सू बाई शहरात नोकरीला. शुक्रवारी संध्याकाळी त्या बसने वर जात आणि सोमवारी टवटवीत होऊन परत येत, हातावर चिकाचे डाग घेऊन. मधल्या दिवसांत सकाळी कार्यालयात आल्या की टोपी काढायच्या आधी त्या बाहेरची साइट उघडत आणि ल्याओचं पान वाचत. एखाद्या दिवशी पुटपुटत, "बघा, कुत्र्याचं लिहिलंय. आंब्याचं लिही म्हटलं तर कुत्र्याचं लिहितो." कुओंना त्या ओळी आवडत. चुका काढायला फारशी जागा नसे.

मग एका जुलैत वादळ आलं. त्या वर्षी फळावर बांधलेल्या कागदी पिशव्यांसकट निम्मी बाग खाली आली. ल्याओने दोन दिवसांनी लिहिलं, 'वाऱ्याने बराच माल पाडला. कैऱ्या साखरेत घालाव्या लागतील.' त्यानंतर त्याने काही लिहिलं नाही. हिवाळ्यात तो कंबोडियाला गेला, कुणा श्रीमंताची नवी बाग उभी करून द्यायला. सहा महिन्यांसाठी, असं सू बाई म्हणाल्या होत्या. सहा महिन्यांचं वर्ष झालं. दुसऱ्या वर्षी त्यांनी तो विषयच काढला नाही, आणि कुओंनी कधी कुणाला काही विचारलं नव्हतं ते तेव्हाही विचारलं नाही.

एका दुपारी दिवे मालवल्यावर सू बाईंचा फोन थरथरला. कुओ टेबलावर डोकं ठेवून होते, डोळे मिटलेले, पण जागे.

"बोल," सू बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हो, जेवले… तिथे किती वाजले?… माझं काय, आहे." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. "लोक अजून फोन करतात तुला? आंबे आहेत का म्हणून?… हो. पान काढून टाकते… नाही, त्यात काय, एक बटण आहे. आत्ताच टाकते… नाही. वाट नाही बघत. तू म्हणालास ना, नको बघू म्हणून."

फोन ठेवल्याचा आवाज झाला. मग बटणांचे आवाज, तीन-चार. मग काही नाही. चुआंग शेठ घोरत होते. दिवे लागेपर्यंत कुओंनी डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा सू बाई पेरूच्या फोडी खात होत्या. "घ्या, दादा," त्यांनी डबी पुढे केली. "गोड निघाला."

पुढच्या आठवड्यात कुओ नेहमीप्रमाणे आतल्या साइटवर शब्द तपासायला बसले. बागाईतदारांच्या रांगेत तिसऱ्या जागी ल्याओ होताच. गवताची टोपी, उन्हाने बारीक झालेले डोळे. त्याखाली त्याच्या सगळ्या ओळी.

"सू बाई," कुओ चाचरत म्हणाले, "ल्याओंचं पान इथे अजून दिसतंय."

त्यांनी मान वळवली नाही. "आत दिसू दे, दादा. आत कोण येतंय?"

पुन्हा कुओंनी तो विषय काढला नाही. मात्र त्यांच्या एवढं लक्षात आलं की त्या हंगामाआधी आतली साइट ताजी झाली नाही. पुढच्याही नाही. बाहेर नवे बागाईतदार आले, जुन्यांची मुलं कामाला लागली, पेट्यांचे आकार बदलले. आत मात्र तोच एक जुलै थांबून होता. चुआंग शेठ अधूनमधून विचारत, "ताई, आतलं ताजं केलंत ना?" आणि सू बाई म्हणत, "यंत्र जुनं आहे शेठ, एवढं पेलायचं नाही त्याला. मी हाताने बघून घेते." आणि खरंच त्या हाताने बघून घेत. दुप्पट काम करत. कुणाला तोशीस पडू देत नसत.

कुओंना आणखी एक गोष्ट दिसे, जन्मभर बारीक अक्षरं वाचल्यामुळे. खिडकीजवळच्या यंत्रावरचं हिरवं पाकीट बदललेलं नव्हतं. त्यावरची तारीख ल्याओ गेला त्या वर्षाची होती. तिथली धूळसुद्धा सू बाई पाकीट न उचलता, भोवतीने पुसत.

कुओ शब्द तपासून झाले की कधी कधी तिसऱ्या पानावर जात. तपासायला नाही. त्या पानावर तो माणूस अजून कुत्र्याबद्दल लिहायचा, त्याची बायको शुक्रवारची वाट पाहायची, आणि ती इथे हाताच्या अंतरावर बसलेली असायची. कुओंची स्वतःची शुक्रवारची वाट पाहणारं कधी कुणी नव्हतं. शनिवार-रविवार लांब वाटतात एवढं मात्र त्यांना अलीकडे कळू लागलं होतं.

मग तो हंगाम आला. चुआंग शेठनी एक बदल सांगितला होता. बागाईतदाराच्या नावाखालीच त्याच्या बागेची माहिती दिसावी, गिऱ्हाइकाला दोन पानं उघडावी लागू नयेत. सू बाईंनी आत करून पाहिलं. प्रत्येक बागाईतदार, त्याखाली त्याची बाग. सुरेख. कुओंनी शब्द तपासले. पहिली मागणी घ्यायच्या दिवशी, डब्यानंतर, दिवे मालवल्यावर, सू बाईंनी आधी बाहेरच्या साइटची एक प्रत बाजूला काढून ठेवली, त्या नेहमीच ठेवत, आणि बदल बाहेर नेला.

दिवे लागायच्या आत फोन वाजला. चुआंग शेठनी झोपेतच उचलला आणि कानापासून लांब धरला, इतका की पलीकडच्या बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"माझी डोंगरावरची बाग कुठे घातलीत?"

"फान काकू? कसली बाग?"

"कसली काय! माझी! आज सकाळी मी तिथे उभी होते. आत्ता नातू म्हणतो, आजी, तुझी बाग नाहीच. अरे, मेले नाही मी अजून!"

सू बाई बाहेरची साइट बघत होत्या. त्यांचा डावा गाल पांढरा पडला होता.

आतल्या साइटवर प्रत्येकाची एकच बाग होती, कारण त्या जुलैत प्रत्येकाची एकच होती. नंतरच्या वर्षांत फान काकूंनी आणि आणखी काहींनी दुसऱ्या बागा घेतल्या. नव्या मांडणीत एका नावाखाली एकाच बागेला जागा होती. आत कुणाला दुसरी नव्हतीच, त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही. बाहेर मात्र एकेका नावाखाली एकच बाग राहिली, दुसरी पुसली गेली.

"बाजूला काढलेली प्रत परत ठेवा," चुआंग शेठ म्हणाले.

"ठेवते. पण आज पहिला दिवस, तेवढ्यातही लोकांनी मागण्या लिहिल्यात. प्रत ठेवली की त्या जातील." सू बाईंनी कोरा कागद कुओंपुढे सरकवला. "दादा, मी एकेक नाव वाचते. तुम्ही कागदावर उतरवा. मग प्रत ठेवू, आणि या मागण्या हाताने पुन्हा घालू. कुणाची पेटी कुठल्या बागेची हे कळत नसेल तर फोन करू."

कुओंनी उतरवलं. मग संध्याकाळपर्यंत तिघं फोन करत होते. कुओंना फोनवर बोलायचा इतका संकोच की प्रत्येक गिऱ्हाइकाची ते आधी क्षमा मागत, मग नाव सांगत, मग पुन्हा क्षमा मागत. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "पुरे झालं हो, आंबेच आहेत." शेवटी कुणाची पेटी चुकली नाही. फान काकूंची बाग परत दिसू लागली, तेव्हा त्यांनी फोन करून कळवलं की बाग आहे आणि आंबा कालच्यापेक्षा लालही दिसतोय.

मग चुआंग शेठ उठले आणि यंत्रांवरची पाकिटं बघू लागले. खिडकीजवळचं उचललं. खाली धुळीत त्याचा स्वच्छ चौकोन राहिला होता.

"हे बघा," ते म्हणाले. "हे बघा! केव्हाचं शिळं. ताई, हे असं पाकीट ठेवलं तर यंत्र काय करणार? तुम्ही कधी बघितलंच नाही?"

कुओ खाली बघत राहिले.

"बघितलं होतं," सू बाई म्हणाल्या. "माझी चूक आहे, शेठ. बदलते."

"पाकिटामुळे नाही झालं म्हणा," शेठ जरा नरमले, "पण तरी."

"पाकिटामुळे नाही. आतलं जग जुनं होतं म्हणून झालं. उद्या ताजं करते."

दुसऱ्या दिवशी डब्यातला भात सू बाईंनी अर्धा तसाच ठेवला. दिवे मालवले. शेठ घोरू लागले. सू बाईंनी खुर्ची थोडी सरकवली, कुओंना खिडकीजवळच्या यंत्राचा पडदा दिसावा एवढी.

"दादा, बाहेरचं आत आणलं की काय होईल माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"तुम्ही वाचता ते. मला ठाऊक आहे. पान उघडं राहतं तुमचं."

कुओंचे कान तापले. "तुम्ही म्हणाल तर," ते म्हणाले, "मी लिहून देतो सगळं. किंवा छापून. माझ्या ओळखीचा एक अजून छापतो. चांगल्या कागदावर."

सू बाईंनी विचार केला. विचार करताना त्या खालचा ओठ आत ओढत, हे कुओंना माहीत होतं.

"नको. मग ते ठेवायचं कुठे हा एक प्रश्न. घरात कपाट एकच आहे, उघडलं की तेच दिसणार." मग थोड्या वेळाने, "एकदा वाचून दाखवा. हळू. शेठ उठायला नकोत."

कुओंनी वाचलं. आयुष्यात त्यांनी मोठ्याने वाचलं होतं ते छापखान्यात, मूळ कागद आणि मुद्रित जुळवताना. त्याच सपाट आवाजात ते वाचत गेले. उत्तरेच्या ओळीला पहिला मोहोर. सकाळी धुकं, चहा दोनदा झाला. कुत्र्याने शेजाऱ्याची चप्पल आणली, परत नेऊन दिली. आजपासून पिशव्या बांधायला घेतल्या, शिडी डुगडुगते.

"नवी शिडी नेऊन दिली होती मी," सू बाई म्हणाल्या. "बसमध्ये घेईनात, तेव्हा ट्रकवाल्याला विनवलं. त्याने वापरलीच नाही."

कुओ थांबले.

"वाचा."

आज शुक्रवार, मासा आणून ठेवलाय. वाऱ्याने बराच माल पाडला. कैऱ्या साखरेत घालाव्या लागतील.

"संपलं," कुओ म्हणाले.

"घातल्या होत्या कैऱ्या," सू बाई म्हणाल्या. "दोन बरण्या. साखर जास्त झाली." आणि त्यांनी बटण दाबलं.

जुनं यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. ते पेलणार नाही असं नव्हतंच. मग पान पुन्हा उघडलं. तिसऱ्या जागी फान काकू होत्या, दोन्ही हातांत दोन आंबे आणि सगळे दात दाखवत हसणाऱ्या. सू बाई पाहत राहिल्या आणि त्यांच्या नाकातून एक आवाज आला, हसण्यासारखा. कुओंनी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

आतली साइट ताजी केली की सगळं चालतंय का हे बघायला एक खोटी मागणी घालावी लागते. आजवर ती सू बाईंच्याच नावावर असे. पेटी एक, बाग ल्याओची. त्या दिवशी संध्याकाळी कुओ शब्द तपासायला बसले तेव्हा मागण्यांत एकच नाव दिसलं. कुओ, पेटी एक, फान काकूंची डोंगरावरची बाग. निरोपाच्या जागी लिहिलं होतं, 'पिकल्यावरच पाठवा, यांना आंबट सोसत नाही.' हे सू बाईंना कसं कळलं, कुओंनी पुष्कळ आठवून पाहिलं. पुढच्या हंगामाआधी आतली साइट पुन्हा ताजी होईल आणि ही ओळ जाईल, हेही त्यांना समजत होतं. तोवर ते रोज एकदा ती वाचत.

पण पुढच्या हंगामाआधी ते काम दुसऱ्याच कुणीतरी केलं. कीलुंगला सू बाईंची थोरली बहीण होती, तिची नजर जात चालली होती. म्हणजे बहीण होती, हेही कुओंना तेव्हाच कळलं. शरद ऋतूत सू बाई तिच्याकडे राहायला गेल्या, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. चुआंग शेठनी केक आणला आणि त्यांनीच जास्त खाल्ला. कुओंनी एक वाक्य मनात तयार केलं होतं, दोनदा सुधारलं होतं, तिसऱ्यांदा सुधारताना ते पार खोडलं गेलं.

सू बाईंनी कापडी बाह्या घडी करून पिशवीत टाकल्या. जिन्याच्या तोंडाशी त्या वळल्या. पूर्ण चेहरा, उजव्या गालावरचा तीळ.

"दादा, खिडकीजवळच्या पाकिटाची तारीख फेब्रुवारीची आहे. शेठ विसरतील."

"मी बदलतो," कुओ म्हणाले.

"हिरवंच आणा."

"हो. हिरवंच."